तापानंतरची साखर

ताप येतो. चार दिवस अंगात राहतो. मग जातो. माणूस उठतो, भाकरी खातो, कामाला लागतो. आजार संपला, असे आपण म्हणतो.

बहुतेक वेळा ते खरेच असते. पण काही वेळा आजार मागे काहीतरी ठेवून जातो. ज्वारी काढून नेली तरी रानात धसकटे राहतात. अनवाणी चालले की ती पायाला लागतात. तसेच हे आहे.

या धड्यात आपण रक्तातल्या साखरेची माहिती घेऊ. विषाणूचा आजार, त्यावरचे औषध आणि मधुमेह यांचा काही संबंध आहे काय? असला तर आपण काय करावे? सावकाश वाचा. वाचलेले घरात सांगा.

पाट, वाफे आणि दारे धरणारा गडी

रक्तात साखर असते. ती असावीच लागते. आपण भाकरी खातो, भात खातो. पोटात त्याची साखर होते. ती रक्तातून अंगभर फिरते. तिच्यामुळेच हातापायांत बळ येते.

मळ्यातले पाणी डोळ्यांपुढे आणा. विहिरीचे पाणी पाटात येते. पाटातून ते वाफ्यात जायला हवे. म्हणून एक गडी खोरे घेऊन उभा असतो. तो दारे धरतो. एका वाफ्याचे तोंड फोडतो. तो भरला की बुजवतो. मग दुसऱ्याचे फोडतो. हा गडी नसेल तर काय होईल? पाट तुडुंब वाहील आणि वाफे कोरडे राहतील.

आपल्या अंगात असेच चालते. रक्त म्हणजे पाट. अंगातल्या बारीक बारीक पेशी म्हणजे वाफे. दारे धरणाऱ्या गड्याचे नाव आहे इन्सुलिन. हे इन्सुलिन स्वादुपिंडात तयार होते. स्वादुपिंड पोटात, जठराच्या मागे असते. आणखी एक अवयव ध्यानात ठेवा. तो म्हणजे यकृत. ते उजव्या बाजूला, बरगड्यांखाली असते. यकृत हा साखरेचा हौद आहे. गरज पडली की ते आपल्याजवळची साखर रक्तात सोडते.

इन्सुलिन बिघडले की साखर रक्तातच तुंबते. यालाच मधुमेह म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार दोन.

पहिल्या प्रकारात गडीच राहत नाही. इन्सुलिन तयार होणे जवळजवळ बंद पडते. हा प्रकार लहान मुलांत आणि तरुणांत जास्त दिसतो. त्यांना रोज इन्सुलिनची इंजेक्शने घ्यावीच लागतात.

दुसऱ्या प्रकारात गडी असतो, पण वाफ्यांची तोंडे घट्ट बसलेली असतात. खोरे मारून मारून गडी थकतो. हा प्रकार मोठ्या माणसांत जास्त. आपल्या देशातले बहुतेक रोगी याच प्रकारचे आहेत.

विषाणूवरची जुनी शंका

विषाणू हा फार सूक्ष्म असतो. दवाखान्यातल्या साध्या सूक्ष्मदर्शकातूनही तो दिसत नाही. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिथे आपल्यासारखे पुष्कळ विषाणू तयार करतो. सर्दी, फ्लू, गोवर, गालगुंड, डेंगी, कोरोना हे सारे विषाणूचे आजार.

विषाणूमुळे मधुमेह होत असावा, ही शंका आजची नाही. १८६४ साली नॉर्वे देशात एका रोग्याला गालगुंड झाले. त्यानंतर त्याला मधुमेह झाला. तिथल्या डॉक्टरांनी हे लिहून ठेवले. पण एका रोग्यावरून काही ठरत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, तसेही असू शकते.

पुढे जास्त भक्कम पुरावा मिळाला. रुबेला नावाचा एक आजार आहे. त्याला जर्मन गोवर असेही म्हणतात. अंगावर बारीक पुरळ येते, थोडा ताप येतो. मोठ्या माणसाला त्याचे फारसे काही वाटत नाही. पण १९४१ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांना एक गोष्ट दिसली. गरोदरपणी ज्या आयांना रुबेला झाला होता, त्यांच्या काही मुलांना जन्मापासून मोतीबिंदू होता. ही मुले मोठी झाली तेव्हा डॉक्टरांनी त्यांची पुन्हा तपासणी केली. इतर मुलांपेक्षा त्यांच्यात मधुमेह पुष्कळ जास्त निघाला.

हे कसे घडत असावे? विषाणू इन्सुलिन करणाऱ्या पेशींनाच इजा करत असेल. किंवा दुसरेच काही होत असेल. आपल्या अंगात रोगाशी लढणारे राखणदार असतात. विषाणूशी लढता लढता ते चुकतात. आपल्याच गड्याला चोर समजून ते मारत सुटतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात हे राखणदार उलटतात, एवढे नक्की ठरले आहे. त्यांना उलटवण्यात विषाणूचा हात किती, याचा शोध अजून चालू आहे.

म्हणून घाबरू नका. लाखो मुलांना दरसाल सर्दीताप येतो. त्यातल्या फारच थोड्यांना मधुमेह होतो. तापाने मधुमेह होतोच, असे कोणी म्हणाले तर ते चूक आहे. तापाचा आणि साखरेचा काही संबंधच नाही, असे म्हटले तर तेही चूक आहे.

आजारही साखर वाढवतो

मोठा आजार म्हणजे अंगावर आलेले संकट. संकटात बळ लागते. म्हणून यकृताचा हौद मोकळा सुटतो आणि साखर रक्तात येते. त्याच वेळी वाफ्यांची तोंडेही नीट उघडत नाहीत. त्यामुळे कडक आजारात साखर चढते. ज्याला आधी मधुमेह नव्हता, त्याचीही चढू शकते.

पुष्कळ वेळा आजार बरा झाला की ही साखर उतरते. पण ती उतरली की नाही, हे अंगाला हात लावून कळत नाही. त्यासाठी रक्तच तपासावे लागते.

औषधाची धार

आता औषधाकडे वळू. स्टेरॉइड नावाचे एक औषध आहे. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही त्याच जातीच्या गोळ्यांची नावे. असाच रस आपल्या शरीरातही थोडा थोडा तयार होत असतो. औषध म्हणून दिले की ते उलटलेल्या राखणदारांना शांत करते. दमा, सूज, काही कठीण आजार यांवर ते फार कामाचे आहे.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात कोरोनाचे पहिले रोगी पुण्यात सापडले. त्या वेळी या आजारावर नेमके औषध माहीत नव्हते. जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या एका मोठ्या पाहणीचा निकाल आला. ज्यांना श्वासाचे यंत्र लावावे लागले होते, त्यांना डेक्सामेथासोन दिल्याने मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. ज्यांना नुसता ऑक्सिजन लागत होता, त्यांच्यात सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. औषध स्वस्त. मात्रा दिवसाला फक्त ६ मिलिग्रॅम. तीही जास्तीत जास्त १० दिवस.

पण त्याच पाहणीत दुसरीही गोष्ट दिसली. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना या औषधाचा फायदा झाला नाही.

ही दुसरी गोष्ट पुष्कळांच्या कानावर आली नाही. २०२१ साली दुसरी लाट गावोगाव पोचली. दवाखाने भरले. खाटा मिळेनात. माणसे भ्यायली. एकाची चिठ्ठी दुसऱ्याने वापरली. साध्या तापातही स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या गेल्या. काहींनी मोठी मात्रा घेतली, काहींनी फार दिवस घेतली.

स्टेरॉइड साखर वाढवते. ते हौदाचे तोंड उघडते आणि वाफ्यांची तोंडे आवळते. आधीच आजाराने साखर चढलेली. त्यात हे औषध. मग पाट फुटायला वेळ लागत नाही.

काळी बुरशी

त्याच २०२१ साली आपण एक नवे नाव ऐकले. म्युकरमायकोसिस. लोक त्याला काळी बुरशी म्हणू लागले. ही बुरशी मातीत, शेणखतात, कुजक्या पाल्यात नेहमीच असते. धडधाकट माणसाला ती काही करत नाही. पण रक्तात साखर फार वाढली आणि अंगाचे राखणदार दुबळे झाले, की तिला फावते. ती नाकातून शिरते. मग गाल, डोळा, टाळू, मेंदू असा रस्ता धरते.

महाराष्ट्रात तिचे पुष्कळ रोगी सापडले. त्यांतल्या बहुतेकांना मधुमेह होता आणि पुष्कळांना स्टेरॉइड दिलेले होते. काहींचा जीव वाचवण्यासाठी डोळा काढावा लागला. काहींचा जबडा काढावा लागला. कित्येकांना तर आपल्याला मधुमेह आहे, हे तोवर ठाऊकच नव्हते.

औषध वाईट होते काय? नाही. त्याच औषधाने कितीतरी माणसे वाचली. विळ्याने पीक कापता येते आणि बोटही कापते. विळा कोणाच्या हातात आहे आणि तो कसा धरला आहे, यावर सारे आहे.

औषधाला भिऊन आजार अंगावर काढू नका

आजारावर औषध न घेणे हा यावरचा उपाय नाही. सी प्रकारच्या काविळीचे उदाहरण पाहा. हा विषाणू यकृतात वर्षानुवर्षे राहतो. अशा रोग्यांत दुसऱ्या प्रकारचा मधुमेह जास्त दिसतो. पूर्वी त्यावर इंटरफेरॉनची इंजेक्शने देत. त्या इंजेक्शनांनंतर काही थोड्या रोग्यांना पहिल्या प्रकारचा मधुमेह झाल्याच्या नोंदी आहेत. आता त्यावर नव्या गोळ्या आहेत. बहुतेक रोगी काही आठवड्यांत बरे होतात. विषाणू गेला की काहींची साखरही सुधारते. २०१८ सालापासून सरकारी योजनेतून हे उपचार फुकट मिळतात.

म्हणजे आजार साखर वाढवू शकतो. औषधही वाढवू शकते. आणि योग्य औषध साखर सुधारूही शकते. म्हणून औषध टाकू नका. औषधावर नजर ठेवा.

साखर राहते की जाते?

आजारात ज्यांची साखर चढते, त्यांचे तीन गट पडतात.

पहिला गट. आजार गेला, औषध थांबले आणि साखर उतरली. यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका असतो. म्हणून त्यांनी दरसाल तपासणी करावी.

दुसरा गट. यांना मधुमेह आधीपासूनच होता. कधी तपासले नव्हते, म्हणून कळले नव्हते. आजाराने फक्त झाकण उघडले.

तिसरा गट. यांची साखर आजारानंतर वाढली आणि तशीच राहिली. कोरोनानंतर असे रोगी किती, हे अमेरिकेत माजी सैनिकांच्या नोंदींवरून पाहिले गेले. २०२२ साली त्याचा निकाल आला. कोरोना होऊन गेलेल्या दर हजार माणसांमागे वर्षभरात सुमारे १३ माणसांना जास्तीचा मधुमेह निघाला. ती माणसे बहुतेक वयस्क पुरुष होती. म्हणून हाच आकडा सगळ्यांना लावता येत नाही. पण सावध व्हायला तो पुरेसा आहे.

आपण कोणत्या गटात आहोत, हे ओळखायला एक चाचणी मदत करते. तिला एचबीएवनसी म्हणतात. गेल्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी किती होती, हे तिच्यात कळते. आजार चारच दिवसांचा आणि ही चाचणी मात्र खूप चढलेली, तर साखर जुनी आहे असे डॉक्टर समजतात.

आप्पा आणि आशाताई

आप्पा : ताई, ताप गेला. आता रगत कशाला तपासायचं?

आशाताई : आप्पा, दवाखान्यात तुम्हाला कोणत्या गोळ्या दिल्या होत्या? कागद दाखवा बघू.

आप्पा : ह्यो घ्या. पाच दिवसांच्या होत्या. बरं वाटलं, म्हणून मी दुकानातनं आणखी पंधरा दिवसांच्या आणल्या. भूक बी चांगली लागत होती.

आशाताई : आप्पा, ह्या स्टेरॉइडच्या गोळ्या हायेत. ह्यांनी भूक वाढते, हुशारी वाटते. आत साखरही चढते. बरं, तहान कशी आहे?

आप्पा : तहान म्हणशील तर लई. रातचं चारदा उठावं लागतंय. म्हातारपण, दुसरं काय?

आशाताई : म्हातारपण एका महिन्यात येतं का आप्पा? चला, आजच तपासू.

आप्पा : मग ह्या गोळ्या आत्ताच फेकून देतो बघ.

आशाताई : तसंही करू नका. आज वीस दिवस झाले. एकदम बंद केल्या तर अंगातनं बळ जातं, ओकाऱ्या होतात, चक्कर येते. डॉक्टर सांगतील तशा कमी करायच्या.

आप्पा : घ्यायच्याबी त्यांना इचारून अन् सोडायच्याबी त्यांनाच इचारून?

आशाताई : हां. आता बरोबर बोललात.

आशाताईंनी आप्पांना आरोग्य केंद्रात नेले. बोटातून रक्ताचा एक थेंब घेतला. यंत्रात आकडा आला ३१०. नर्सबाईंनी लगेच डॉक्टरांना बोलावले. आप्पांचे डोळे, नाक, पाय तपासले. सारे ठीक होते. आप्पा वेळेवर पोचले होते.

आकडे कसे वाचावे

आता तुम्हाला आकडे वाचता येतात. तपासणीचा कागद स्वतः वाचा.

उपाशीपोटी साखर १०० च्या खाली असली तर ठीक.

१०० ते १२५ असली तर सावध व्हा. खाणेपिणे आणि चालणेफिरणे सुधारा. पुन्हा तपासा.

१२६ किंवा जास्त असली तर मधुमेहाची शक्यता मोठी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून डॉक्टर ते पक्के करतात.

केव्हाही तपासली आणि २०० किंवा जास्त निघाली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह.

स्टेरॉइडची गोळी सकाळी घेत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. साखर दुपारी आणि संध्याकाळी जास्त चढते. सकाळी उपाशीपोटी ती चांगली दिसू शकते. म्हणून दुपारच्या जेवणानंतरही तपासून घ्या.

तीस वर्षांवरच्या माणसांची साखर सरकारी आरोग्य केंद्रांत फुकट तपासतात.

मुलांकडे नीट पाहा

पोराला सर्दीताप येऊन गेला. मग ते सारखे पाणी मागू लागले. सारखे लघवीला जाऊ लागले. मोठे झालेले पोर पुन्हा अंथरूण ओले करू लागले. चांगले खाऊनही वाळू लागले. ही नजर लागलेली नाही. जंतही नव्हेत. त्याच दिवशी साखर तपासा.

पोट दुखते, ओकाऱ्या होतात, श्वास जोराने आणि खोल चालतो, पोर गुंगीत जाते, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच मोठ्या दवाखान्यात न्या.

पूर्वी अशी मुले वाचत नसत. १९२१ साली कॅनडातील टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढण्यात यश मिळवले. जानेवारी १९२२ मध्ये एका १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले. तो मुलगा वाचला आणि पुढे १३ वर्षे जगला. आज इन्सुलिन घेणारी मुले शाळा शिकतात, लग्ने करतात, म्हातारी होतात. फक्त रोग वेळेवर ओळखला पाहिजे.

एवढे करा

दुकानातून मनाने स्टेरॉइड घेऊ नका. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर औषध आणू नका.

सांधेदुखीवर, दम्यावर कोणी नाव नसलेली पुडी दिली तर घेऊ नका. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे.

डॉक्टरांनी स्टेरॉइड दिले तर विचारा : किती दिवस घ्यायचे? साखर केव्हा तपासायची? विचारायला लाजू नका.

मधुमेह असेल तर तापात साखर जास्त वेळा तपासा. जेवण कमी झाले म्हणून इन्सुलिन मनाने बंद करू नका. मात्रा किती ठेवावी, ते डॉक्टरांना विचारा.

मोठा आजार होऊन गेला की महिन्या-दोन महिन्यांनी साखर तपासा. त्यानंतर दरसाल तपासा.

नाक चोंदले, नाकातून काळपट घाण येते, एक गाल दुखतो किंवा बधिर होतो, दात हलतात, डोळा सुजतो, एकाची दोन माणसे दिसतात, असे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मुलांना गोवर-रुबेलाची लस टोचून घ्या. पहिली ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी १६ ते २४ महिन्यांत. ती सरकारी केंद्रात फुकट मिळते. आजची मुलगी उद्याची आई आहे. तिला टोचलेली लस तिच्या बाळालाही रुबेलापासून वाचवते.

औषधाचे आणि तपासणीचे कागद एका पिशवीत जपून ठेवा. सातबारा जपता, तसेच हेही जपा.

वाचा आणि सांगा

१. रक्तातली साखर पेशीत पोचवायला कोण मदत करते?

२. कोरोनात स्टेरॉइडचा फायदा कोणत्या रोग्यांना झाला? कोणत्या रोग्यांना झाला नाही?

३. आप्पांनी कोणत्या दोन चुका केल्या? तिसरी चूक कशी टळली?

४. गेल्या दोन वर्षांत तुमच्या घरी कोणाला मोठा आजार झाला? त्यानंतर त्यांची साखर तपासली काय? नसेल तर तपासणीला केव्हा जाणार? वहीत वार आणि तारीख लिहा.